परसातील चूल

महाराष्ट्रातील जुन्या घरांची वर्णने वाचू लागले म्हणजे असे दिसते, की वाड्याची देवडी, सदर, चौक, दिवाणखाना आणि माजघर यांच्यासाठी लेखकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. परंतु घराच्या मागील अंगास जे परस असे त्याची बोळवण मात्र एखाद्या ओळीत झालेली असते, आणि त्या परसात विहीर व केळी यांच्या मधल्या जागेत, झापांच्या किंवा कौलांच्या आडोशाला, जी एक मोठी चूल कायमची मांडलेली असे तिचे नावदेखील कोणी घेत नाही. घरातील चूल हे गृहलक्ष्मीचे अधिष्ठान मानले गेले, तिच्यावर रोज पोतेरे फिरले, तिच्यापुढे रांगोळीची रेघ उमटली. बाहेरच्या चुलीच्या वाट्याला हा मान आला नाही. तथापि भात उकडणे, कुरडयांचा चीक शिजवणे, लग्नकार्यातील शे-दीडशे पानांचे अन्न रांधणे, दिवाळीच्या पहाटे साऱ्या घराच्या अभ्यंगाचे पाणी तापवणे, ही कामे जिच्यावर पार पडत ती चूल कोठे तरी तीन दगड टाकून सहज झालेली नसे. तिची जागा, तिचे तोंड, तिची माती, विहिरीपासून आणि गोठ्यापासून तिचे अंतर, या सर्वांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची योजना होती. ती लिहून ठेवली गेली नाही याचे कारण एवढेच, की ती योजना करणाऱ्या बहुतेक बायका होत्या आणि त्यांच्या हाती लेखणी कोणी दिली नव्हती. उघड्यावरच्या या पाकशाळेचा पूर्ववृत्तांत जमेल तितका एकत्र करावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

हा वृत्तांत फार मागे जातो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, त्यात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील, तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. हसमुख सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या देखरेखीखाली उघड्या झालेल्या त्या घरांत कुडाच्या भिंतींच्या आत, चोपून सारवलेल्या जमिनीवर, मातीचा काठ असलेली चूल सापडली; आणि घराबाहेरच्या अंगणात, आतील चुलीहून निराळे असे, मांस भाजण्याचे अग्निकुंड सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच या भूमीवरील माणसाने आपल्या अन्नाची वाटणी केली होती: जे शिजायचे ते आत, जे भाजायचे ते बाहेर. धान्याच्या कणगीजवळ, गवताच्या छपराखाली जी आग लहान ठेवावी लागे ती उघड्या आकाशाखाली मोठी करता येत असे, आणि बाहेर भाजलेल्या जनावराचा वाटा शेजारच्या घरीही जात असला पाहिजे, असा तर्क केला तर तो फारसा धाडसाचा होणार नाही. कारण एका कुटुंबाला एका बैठकीत न संपणारे अन्न हे वाटून खाण्यासाठीच असते.

त्यानंतरच्या दीर्घ काळात राजांच्या पाकशाळा ग्रंथांत शिरल्या, प्रजेच्या शिरल्या नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे जे विस्तृत प्रकरण आहे, त्यात भात, डाळी, पक्वान्ने यांच्याबरोबर डुकराचे मांस सिद्ध करण्याची कृती येते. त्या कृतीत जनावराचे अंग गवताच्या जाळावर भाजून केस काढून टाकण्याचा प्रकार सांगितला आहे, आणि असा जाळ छपराखाली कोणी करीत नाही, हे सांगावयास नको. त्याच ग्रंथात मांड्यांचेही वर्णन आहे. पालथ्या खापरावर भाजले जाणारे हे पातळ, रुंद पक्वान्न पुढे मराठी मनाशी एका कथेने कायमचे जडले: आळंदीच्या विसोबाने कुंभारांकडून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले, ही ती कथा. तिच्यातील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यातील सामाजिक सत्य उरतेच. ज्याला वाळीत टाकायचे त्याचे भांडे आणि विस्तव बंद करायचा, ही गावाची रीत त्यात नोंदली गेली आहे. खानदेशात आजही आखाजीच्या सणाला खापरावरचे मांडे होतात, आणि ते करण्यासाठी चूल बहुधा अंगणात किंवा परसातच मांडतात. कारण खापर मोठे, जाळ मोठा, आणि मांडा हातांवर फिरवीत कोपरापर्यंत वाढवणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंस मोकळी जागा लागते.

परंतु चूल घराबाहेर काढण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत बळकट कारण म्हणजे आगीचे भय. कोकणात आणि मावळात घरे गवताने, पेंढ्याने किंवा झापांनी शाकारलेली असत. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ती छपरे इतकी शुष्क होत, की एका ठिणगीने आळीच्या आळी भस्मसात व्हावी. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण तालुक्यातील लष्कराच्या छावणीला जे प्रसिद्ध आज्ञापत्र गेले, त्यात रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, या ताकिदीबरोबर आगीविषयीचा तपशील इतक्या बारकाईने आला आहे, की तो वाचताना लिहवून घेणाऱ्या राजाच्या दृष्टीचे नवल वाटते. कोणी बेतालपणे जाळ करून स्वयंपाक करील, कोणी आगट्या पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा सुटेल, एका खणाला आग लागली की सारे खण जळतील, गवताच्या गंजीपर्यंत ठिणगी गेली तर चारा संपेल आणि घोडी उपाशी मरतील. इतकेच नव्हे तर रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, येथपर्यंत त्या पत्राची चिंता पोचते. स्वयंपाकाची आग ही राज्यव्यवस्थेचा विषय आहे, असे या भूमीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या राजनीतीच्या ग्रंथात गडांची व्यवस्था सांगताना, दारूखाना घरांच्या जवळ आणि त्यांच्या वाऱ्याखाली असू नये, असे बजावले आहे. दारूखान्यास लागू असलेला हा वाऱ्याचा विचार परसातील चुलीलाही तितकाच लागू होता. फरक एवढाच, की दारूखान्यासाठी अमात्य होता आणि चुलीसाठी सासूने सुनेला सांगितलेली गोष्ट होती.

अव्वल इंग्रजी अमदानीत जे बंगले पुण्याच्या लष्करात, महाबळेश्वरास आणि माथेरानास उभे राहिले, त्यांतही स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून तोडून आवाराच्या मागील कोपऱ्यात, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत बांधलेले आढळते. धूर, उष्णता आणि आग साहेबापासून दूर राहावी हा हेतू. त्यासाठी लागणारी धावपळ मात्र भर पावसात झाकलेली ताटे घेऊन जाणाऱ्या खानसाम्याच्या वाट्याला आली. १८६५ साली मंगळुरास बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढील काही दशकांत ती चपटी लाल कौले बंदरोबंदरी पोचली, तसतसे गवती छप्पर मागे पडू लागले आणि आगीचे भय पुष्कळसे उणावले. तरीही परसातील चूल मोडली नाही, यावरून तिच्या असण्याला आगीखेरीज आणखीही आधार होते, हे उघड होते.

त्यांतील एक आधार सोवळ्याओवळ्याचा होता, आणि त्याविषयी लिहिताना भीड बाळगण्याचे कारण नाही. ज्या घरांत देवघर स्वयंपाकघरालगत असे, तेथे मासळी-मटण आतल्या चुलीवर चढत नसे. त्यासाठी परसात निराळी चूल, निराळी भांडी आणि निराळा पाटा-वरवंटा असे. काही घरांत कांदा-लसणाचीही तीच गत होती. येथपर्यंत हा विधिनिषेध त्या घरापुरता होता. परंतु शेतावर राबणारा गडी, बलुतेदार, ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते ती माणसे, यांच्यासाठीचे अन्न बाहेरच शिजे, बाहेरच वाढले जाई आणि त्यांनी ते परसाच्या कडेला बसून खावे, अशी अपेक्षा असे. ज्या मोकळेपणाचे आज आपल्याला कौतुक वाटते त्या मोकळ्या चुलीने पुष्कळ माणसांना घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे कामही शतकानुशतके केले. परसातील चुलीचा इतिहास सांगताना हा भाग गाळला, तर तो इतिहास खोटा होईल. त्याच वेळी हेही खरे, की उन्हाळ्याच्या दिवसांत, कुरडया-पापडांच्या हंगामात, हीच चूल शेजारपाजारच्या बायकांना एकत्र आणीत असे. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक पहाटे परसातल्या पातेल्यात रटरटू लागला, की तो एका हाताने ढवळणे शक्य नसे. आळीतील चारजणी येत, पाळीपाळीने ढवळीत, सोऱ्याने घालीत, बाजेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर त्या पांढऱ्या जाळ्या उन्हात वाळत, आणि आज एकीचे तर उद्या दुसरीचे, अशी सारी वैशाखी बेगमी होऊन जाई. ज्या बाईला एरवी घराबाहेर पाऊल टाकण्यास निमित्त लागे, तिला या चुलीने वर्षातून काही सकाळी तरी असे निमित्त दिले.

आता ही चूल मांडीत कशी, याकडे वळू. कारण या विषयाचे खरे मर्म येथे आहे. दक्षिण कोकणातील परस घ्यावे. पहिला प्रश्न वाऱ्याचा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडूनच वाहतो. तेव्हा धूर घरात शिरू नये तर चूल घराच्या पूर्व अंगास हवी. वास्तुशास्त्राने पाकगृह आग्नेय दिशेस सांगितले त्याला अग्निदेवतेची दिशा हे कारण दिले जाते, परंतु या किनाऱ्यावर त्या दिशेने धुराचाही प्रश्न सुटतो, ही गोष्ट घर बांधणाऱ्यांच्या अनुभवाला आल्यावाचून राहिली नसेल. जेथे घराचे तोंड पूर्वेस आणि परस पश्चिमेस येई, तेथे चूल पाठभिंतीसमोर न ठेवता एका कडेला सारणे आणि तिच्या पश्चिमेला जांभ्या चिऱ्यांची कमरेइतकी भिंत उचलणे एवढाच उपाय उरे. चुलीचे तोंड सरळ वाऱ्यात आले तर ज्वाळ मागून बाहेर फेकली जाते आणि सरपण जळून भांडे तापत नाही. वारा तोंडासमोरून न येता पाठीमागून आला तर सारा धूर रांधणारीच्या डोळ्यांत जातो. म्हणून तोंड वाऱ्याला आडवे ठेवणे हेच शहाणपणाचे. हा नियम कोणत्याही स्थापत्याच्या पुस्तकातून घेतलेला नाही आणि तरी तो चुकलेली चूल एका हंगामातच ओळखू येते.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो. त्याचे चिरे जोत्यासाठी आणि आडोशाच्या भिंतीसाठी उत्तम, परंतु प्रत्यक्ष जाळाच्या अंगाला मातीचा जाड लेप हवाच. ओढ्यातला भिजलेला गोटा चुलीला कधी लावू नये, कारण आत शिरलेले पाणी तापून वाफ झाली की तो दगड फुटतो आणि त्याच्या कपच्या उडतात. माती वारुळाची मिळाली तर अधिक चांगली. ती चाळून, भुसा आणि शेण घालून, पायांनी तुडवून काही दिवस मुरत ठेवावी लागते. भुसा घालण्याचे कारण सूक्ष्म आहे: जाळाने भुसा आतल्या आत जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे तापून फुगणाऱ्या मातीला जागा मिळते आणि चूल तडकत नाही. भांडे टेकवण्याचे तीन उंचवटे, मागच्या बाजूस ज्वाळेला वाट, आणि शेजारी वैल, म्हणजे मुख्य जाळाच्या उरलेल्या उष्णतेवर दुसरे भांडे ठेवण्याची जागा. एका लाकडात दोन भांडी शिजवण्याची ही तजवीज आधुनिक इंधनशास्त्राला अभिमान वाटावा इतकी काटेकोर आहे.

मग पाणी. चूल विहिरीपासून इतकी जवळ हवी, की भरलेली कळशी घेऊन फार चालावे लागू नये, आणि इतकी दूर हवी, की राख विहिरीत उडू नये. खरकट्याचे आणि भांडी घासण्याचे पाणी वाया न घालवता पाटाने केळींच्या आणि अळवाच्या आळ्यात सोडलेले असे. त्यामुळे चुलीच्या उताराच्या बाजूला बाग उभी राही आणि पानासाठी केळीचे पान, भाजीसाठी अळू, वाटणासाठी नारळ, फोडणीसाठी कढीलिंब हे जिन्नस हातभर अंतरावर मिळत. राखेचे मोल निराळे. भांडी तिने घासली जात, बियाणे तिच्यात टिकून राही, वेलींच्या पानांवर ती फुंकली म्हणजे किडीला आळा बसे. ज्या घरात परसातील चूल, विहीर, गोठा आणि आळी यांची सांगड नीट बसलेली असे, तेथे टाकाऊ असे फारसे काही उरतच नसे. आणि शेवटी पाऊस: रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात परसातील चूल झाप घालून झाकली तरी तिची माती ओल धरून ढासळते. म्हणून मिरगापूर्वी सरपण, पिडे, करवंट्या आणि सोडणे पडवीत रचून ठेवायची आणि पावसाळा ओसरल्यावर चूल पुन्हा लिंपून घ्यायची, हा वार्षिक क्रम होता. भाताची कापणी झाली की उकड्या तांदळासाठी भात मोठ्या हंड्यांतून याच चुलीवर उकडले जाई.

घाटावर आले की सरपण बदलते आणि त्याबरोबर चुलीचे रूपही बदलते. जेथे जंगल नाही तेथे शेतच इंधन देते: खानदेशात आणि वऱ्हाडात कपाशीच्या पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, उसाच्या मुलखात पाचट आणि चिपाडे, आणि सर्वत्र गोवऱ्या. पऱ्हाट्यांची आग भडक आणि क्षणजीवी. तीत जळगावची हिरवी, पांढऱ्या रेषांची वांगी टाकली की साल करपून आतला गर शिजेपर्यंत आग संपत येते, आणि थंडीतील भरिताच्या जेवणाची सारी रुची त्या पऱ्हाटीच्या धुराने दिलेली असते. गोवरीचा विस्तव याच्या उलट, मंद आणि दीर्घकाळ टिकणारा; त्यात कणकेचे गोळे पुरून विदर्भात रोडगे भाजतात. सोळाव्या शतकात नाथांच्या भारुडातील सुनेने भवानीला रोडगाच कबूल केला, यावरून देवीच्या दारी उघड्यावर अन्न भाजून नैवेद्य दाखवण्याची चाल केवढी रुळलेली होती ते कळते. सोलापूर-नगरकडे पौषात ज्वारीची कोवळी कणसे शेतातच खड्डा करून पेटवलेल्या आगटीत भाजतात. रायगड जिल्ह्यात त्याच दिवसांत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा भरून, पाल्यानेच तोंड बंद करून, मडके पालथे ठेवून भोवती पालापाचोळ्याचा जाळ करायचा, पाण्याचा थेंबही न घालता शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात. या पदार्थांना चूलदेखील लागत नाही, केवळ जमीन आणि जाळ पुरतो, आणि म्हणून इनामगावच्या अंगणातील अग्निकुंडाशी यांचे नाते घरातल्या कोणत्याही पक्वान्नापेक्षा अधिक जवळचे आहे.

माणसे वाढली की परसही अपुरे पडते. गावजेवणासाठी आचारी जमिनीत लांब चर खणतात, त्याच्या दोन्ही काठांवर कढया आणि काहिली ठेवतात, वाऱ्याच्या बाजूने लाकूड सारतात आणि दुसऱ्या टोकाने धूर बाहेर काढतात. खणायला एक सकाळ पुरते आणि पंगत उठल्यावर माती ओढली की मागमूस राहत नाही. पिराच्या कंदुरीला हिंदू-मुसलमान दोघेही बोकड घेऊन जातात आणि दर्ग्याच्या आवारात किंवा जवळच्या माळावर तीन दगडांवर रांधून बहुधा तेथेच जेवतात. आषाढीची वारी तर चालती पाकशाळाच म्हणावी लागेल. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी-सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून प्रत्येक दिंडी रोज नव्या मुक्कामी, बहुतेकदा पावसात, उघड्या रानात चुली मांडीत आली आहे. पाणी कोठे, उतार कोणीकडे, वारा कुठला, कोरडे सरपण कोणाकडे, याचा निर्णय पुढे गेलेली माणसे घटकाभरात करतात, आणि वारकरी भजन आटोपून येतात तो पिठले-भाकरी तयार असते.

सरपणाचा प्रश्न इंग्रजी राज्यात कायद्याचा झाला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि ज्या डोंगरातून पिढ्यान्‌पिढ्या वाळकी लाकडे मोळीने आणली जात तेथे जाणे हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला जंगलविषयक चौकशी मंडळ नेमावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याची केलेली कोंडी तळमळीने मांडली आहे. शेण खतासाठी शेतात जावे की गोवरी होऊन चुलीत जावे, हा झगडा या कायद्यानंतर अधिकच तीव्र झाला, आणि जमिनीचा कस उतरण्याला चुलीचाही हातभार लागला.

मुंबईच्या चाळीत परस नव्हते. तेथे कोळशाची लोखंडी शेगडी गॅलरीत नेऊन पेटवीत आणि धूर ओसरला की आत आणीत. उघड्यावरच्या पाकशाळेचा तेवढाच अवशेष कामगारांच्या संसारात उरला. पुढे घासलेटचा स्टोव्ह आला, आणि १९५५ मध्ये बर्माशेल कंपनीने मुंबईत द्रवरूप गॅसची नळकांडी घरोघरी देण्यास आरंभ केला. यामुळे बाई बसून रांधत होती ती उभी राहिली, आणि चूल भुईवरून ओट्यावर चढली. या पालटाबद्दल मी कोणतीही हळहळ व्यक्त करणार नाही. धुराने किती बायकांचे डोळे आणि फुप्फुसे गेली याची मोजदाद झालेली नाही, आणि ज्यांनी चुलीपुढे कधी फुंकणी धरली नाही त्यांनीच चुलीवरच्या भाकरीचे गोडवे अधिक गायले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनी धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार केली आणि हैदराबादेत एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराच्या चुलीचा प्रचार केला. हे दोन्ही प्रयत्न त्या वेदनेतून जन्मले होते. मात्र त्यांत एक उणीव राहिली, असे मला वाटते. चूल घरातच राहणार हे गृहीत धरून तिला धुराडे लावले गेले. ज्या परसाने हा प्रश्न पूर्वीच अर्धा सोडवला होता, त्याचा अभ्यास करावा, असे कोणाला सुचले नाही.

अलीकडे पुणे-नाशिकच्या आसपास बंगल्यांच्या बागेत बाहेरचे स्वयंपाकघर बांधून घेण्याची हौस वाढली आहे. कडप्प्याचा ओटा, वर पत्र्याचे किंवा कौलाचे छप्पर, एका बाजूस गॅस, दुसऱ्या बाजूस हौसेची मातीची चूल, असा त्याचा साधारण नकाशा असतो. ते बांधणाऱ्या पुष्कळांना वाऱ्याचा प्रश्न छप्पर चढल्यानंतर आठवतो, आणि मग धूर दिवाणखान्यात येतो म्हणून चूल मोडून टाकावी लागते. गॅसचे नळकांडे ओट्याखाली चारी बाजूंनी बंद ठेवण्याची चूकही सर्रास होते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून कपाटाला तळाशी झरोके हवेतच. पावसाळ्याच्या वाऱ्यात तिरपा येणारा पाऊस अडवायला छप्पर पश्चिमेकडे खाली उतरलेले असावे, जमिनीला बागेच्या दिशेने ढाळ द्यावा, सांडपाण्याचा पाट केळींकडे वळवावा, जाळाच्या अंगाला भट्टीची वीट किंवा भुसा घातलेल्या मातीचा लेप द्यावा, आणि सरपणासाठी भुईपासून वीतभर उंच, वारा खेळणारी मांडणी ठेवावी. ही कामे गवंड्याला आज वेगळी समजावून सांगावी लागतात. परंतु कोकणात वा खानदेशात जिने चुली मांडल्या आहेत अशी एखादी वृद्ध स्त्री घरात असेल, तर नकाशा आखण्यापूर्वी तिला जागेवर उभे करून विचारावे. वारा कोठून येतो आणि राख कोठे जाईल, हे ती सर्वांत आधी सांगेल.